पाय वर घ्या, सारवण ओलं आहे

या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव मी एकही सोडत नाही. दुपारी जेवण झालं की चष्मा पुसायचा, फोन उशीला टेकवायचा आणि वाचत पडायचं... आणि राग मानू नका, पण वाचून झालं की मला हसू यायचं. आम्ही लग्नानंतर भोपाळला, पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, तेव्हा शेजारणीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाभी, इस क्वार्टर में कोई टिकता नहीं. छत पर कोई चलता है." आमचे हे कारखान्यात फोरमन. रविवारी शिडी लावून वर चढले, सैल झालेला पत्रा खिळे मारून बसवला, खाली येऊन चहा मागितला. छतावरचं चालणं बंद! मुलांची लग्नं होईपर्यंत आम्ही त्याच घरात राहिलो. तेव्हा भूत म्हटलं की मला अजून तो पत्राच आठवतो. मी ही अशी बाई.

म्हणून हे लिहू की नको, असं करत बरेच महिने गेले. शाळा माझी सातवीपर्यंतच झाली. त्यापुढचं वाचन-लेखन मी आपलं आपणच शिकले, दिवाळी अंकांवर आणि इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीतल्या पुस्तकांवर. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या. पण एका शब्दाचाही यात मीठ-मसाला नाही, हे आधी सांगते.

हे गेल्यावर मी सोनागिरीतल्या घरी आले. खाली मी एकटी, वर भाडेकरू. मागच्या वर्षी वरच्या खोल्यांत वैशाली राहायला आली. सौंसरची मुलगी, म्हणजे घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि घाईत असली की दोन्हीची खिचडी. एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. विषय मानसिक आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा. आधी छिंदवाड्याला होती, भोपाळात नवीनच. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. इथल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात तिनं तोपर्यंत पाऊलही ठेवलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. मी ओसरीत मटार सोलत बसले होते. वैशाली आली आणि समोर बसून शेंगा सोलायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की हिचं काही काम आहे.

"काकू, तुम्ही म्हणे मंडळाच्या गणपतीत नाटकात काम करायच्या?"

"करायचे. खाष्ट सासू दर वर्षी माझ्याच वाट्याला. का गं?"

"आमच्याकडे इंजेक्शन द्यायला शिकवायचं तर रबराचे पेशंट आहेत. ड्रेसिंग करा, नळी घाला, काही बोलत नाहीत. पण माझ्या विषयाला बोलणारा पेशंट लागतो. पोरींना एकमेकींशी बोलायला बसवलं तर नुसत्या फिदीफिदी हसतात. आणि पुढच्या आठवड्यात यांची वॉर्डात पोस्टिंग आहे. तिथे खरा पेशंट समोर बसला की बोबडी वळेल यांची."

"म्हणजे मी वेडी व्हायचं?"

"काकू, वेडी म्हणायचं नाही."

"बरं बाई. आजारी व्हायचं."

तिनं मला एवढंच सांगितलं – म्हातारी बाई, उदास, एकाच गोष्टीत मन अडकलेलं, विचारलं तर धड उत्तर देत नाही. बाकी तुम्ही मनानं भरा. फक्त एक गोष्ट कटाक्षानं पाळा, स्वतःच्या घरातलं काही घेऊ नका. मागच्या कॉलेजात एका मॅडमनी स्वतःच्या सासूचं घेतलं आणि खरंच रडायला लागल्या, आवरेनात.

मग मी मटार सोलता सोलता एक बाई रचली. हिचं मन कशात अडकवायचं? तर म्हटलं, हिला वाटतं की जमीन आत्ताच सारवली आहे. सारवण ओलं आहे. कोणी पाय टेकवला की ठसा उमटेल, सगळं पुन्हा करावं लागेल. म्हणून स्वतः पाय वर घेऊन बसते आणि येईल त्याला पाय वर घ्यायला लावते. माझ्या माहेरी, वर्ध्याला, शहाबादी फरशी होती. वडील कचेरीत कारकून. सारवायचं शेण मी आयुष्यात हातात घेतलेलं नाही. वैशालीची अट होती ना, घरातलं घेऊ नका – म्हणून तर हे निवडलं.

हिची एक मुलगी असावी, असं मनात आलं. नाव नंदा. आमच्या कोणाच्याच घरात नंदा नाही. ही बाई तिला सारखी सांगते, नंदे, मागच्या दारानं ये. का, तर पुढची खोली ओली आहे म्हणून.

आणि अजून एक. मी काम करायची तेव्हा मला सवय होती, स्टेजवर जे नाही तेही डोळ्यासमोर धरायची. त्यानं चेहरा बरोबर होतो. तर या बाईच्या अंगणात मी एक बकरीचं करडू बांधून ठेवलं होतं. दोरीनं नाही – जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून, त्यानं. ते सुटलं तर सारवणावर खुरं उमटवील, ही तिला धास्ती. हे करडू मी कोणाला सांगितलं नाही. वैशालीला नाही, वर्गात नाही. ते फक्त माझ्या डोळ्यासमोर होतं. एवढं लक्षात ठेवा.

कॉलेजच्या लॅबमध्ये पलंग होते, त्यांवर रबरी पेशंट गळ्यापर्यंत चादरी ओढून पडलेले. एका पलंगावरचा काढून मला बसवलं. मी पाय वर घेतले, पदर मुठीत धरला. पोरी स्टुलावर येऊन बसायच्या.

पहिलीनं विचारलं, "आपका नाम क्या है, अम्मा?" मी गप्प. दुसरीनं विचारलं, "आप ऐसे क्यों बैठी हैं?"

वैशाली मागून म्हणाली, "क्यों नहीं पूछना. क्यों पूछो तो पेशंट को लगता है डाँट पड़ रही है."

तिसरी आली ती रोशनी. गंजबासोद्याकडची, काडीसारखी पोर. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनं वाढवलेली. तिनं स्टूल जरा तिरकं केलं, समोरासमोर न बसता बाजूला बसली आणि काहीच बोलली नाही. पोरी चुळबुळ करायला लागल्या तरी ही गप्पच. आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "पाय वर घे बाई. सारवण... ओलं आहे."

तिला मराठी कुठलं येतंय. पण तिनं जमिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवले.

सगळा वर्ग हसला. वैशाली म्हणाली, "रोशनी, यह क्या किया? क्या सिखाया था? पेशंट के भ्रम को हाँ भी नहीं बोलना है, बहस भी नहीं करनी है. तुमने तो हाँ बोल दी."

रोशनी उठून उभी राहिली. "मैडम, अम्मा को चैन पड़ गया था."

आणि ते खरं होतं. नाटकच करत होते मी, पण तिनं पाय वर घेतले तेव्हा माझ्या छातीतलं काहीतरी हलकं झालं होतं. मग मी दाराकडे बघून "नंदे, मागच्या दारानं ये" असं दोन-तीनदा म्हटलं. तास संपला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, समोसे आले. वैशाली म्हणाली, "काकू, तुम्ही तर कमाल केली." मी खुशीत घरी आले. खोटं कशाला बोलू, चांगलीच खुशीत होते.

मुलींची पोस्टिंग सुरू झाली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही यात. तिथे एकेका मुलीला एकेक पेशंट देतात. पूर्ण पोस्टिंगभर तिनं त्याच पेशंटशी बोलायचं, त्याची वेणीफणी, औषध, खेळ, सगळं बघायचं.

एका संध्याकाळी स्कूटर फाटकाशी थांबली. वैशाली वर न जाता सरळ माझ्याकडे आली, मागे रोशनी, अजून युनिफॉर्मवरच. दोघींचे चेहरे बघून मी आधी पाणीच दिलं.

वैशाली म्हणाली, "काकू, खरं सांगा. तुम्ही कधी त्या दवाखान्यात गेला होता का?"

"मी कशाला जाऊ?"

"मंडळातर्फे फळं वाटायला? कोणाला भेटायला?"

"नाही गं. काय झालं?"

सांगितलं रोशनीनं. "दादी, वहाँ एक अम्मा हैं. पलंग पर पैर ऊपर करके बैठती हैं. कोई भी पास जाए तो बोलती हैं – पाय वर घ्या. सब पैरवाली अम्मा बोलते हैं उनको."

खूप वर्षांपूर्वी ही बाई स्टेशनवर एकटी सापडली होती, पोलिसांनी आणून सोडलेली. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. तेव्हापासून तिथेच. कोणी जवळ बसलं की हिचं सुरू, आणि सगळ्यांना सवयच लागून गेली आहे म्हणे – गोळ्या देणारी सिस्टर, राउंडला आलेले डॉक्टर, सगळे तिच्यापाशी बोलताना निदान एक पाय तरी पलंगाच्या दांडीवर ठेवतात. रोशनी पहिल्या दिवशी गेली, तेव्हा तिथली आया तिला म्हणाली, "उठा ले बेटा पैर. अपना क्या जाता है."

"और वह दरवाज़े को देखकर बोलती हैं," रोशनी म्हणाली, "नंदे, मागच्या दारानं ये."

मराठी न येणाऱ्या पोरीच्या तोंडून ते वाक्य जसंच्या तसं ऐकलं... आणि हातातला तांब्या मी खाली ठेवला.

तरी मी म्हटलं, अगं, त्यात काय. गावाकडे सारवल्यावर घरोघरी बायका हेच म्हणतात. नंदा नाव तर गल्लीत एक असतंच. वैशालीला तेच ऐकायचं होतं. ती लगेच म्हणाली, "देख, मैं बोल रही थी ना." पण रोशनी मान हलवत राहिली. "दादी, आवाज़ भी वही है. आप सारवण बोलकर ज़रा रुकी थीं, फिर ओलं आहे बोला था. वह भी वहीं रुकती हैं."

मग खरी गोष्ट बाहेर आली. अम्मा औषधांवर चांगल्या होत्या. घर असतं तर केव्हाच घरी पाठवलं असतं, असं डॉक्टर म्हणायचे. मराठी येणारे लोक तिच्याशी बोलून गेले होते, महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत फोटो गेले होते, काही निघालं नाही. आता अशा लोकांना दुसऱ्या शहरातल्या एका आश्रमात हलवायचं ठरलं होतं. वाईट जागा नव्हती ती. पण तिकडे गेल्यावर घर शोधणार कोण?

आणि या पोरीनं तिला सांगून टाकलं होतं – अम्मा, मैं आपका घर ढूँढ दूँगी.

"पहिल्या दिवशी शिकवते मी," वैशाली तिच्यावर चिडून मला म्हणाली, "पेशंटला वचन द्यायचं नाही. आपली पोस्टिंग संपते, आपण निघून जातो. तो वाट बघत बसतो."

रोशनी माझ्याकडे बघून म्हणाली, "दादी को पता होगा ना. दादी को ही तो पता है." 

मी दवाखान्यात गेले. वैशालीनं परवानगी काढली होती. कोवळ्या उन्हात व्हरांड्यात बायका बसल्या होत्या, आया एकीच्या डोक्याला तेल लावत होती. रोशनीनं दाखवायच्या आधीच मी ओळखलं. एवढीशी बाई. केस बारीक कापलेले, अंगावर दवाखान्याची शाल, बाकावर पाय वर घेऊन बसलेली. चेहरा मात्र मी कधीच पाहिलेला नव्हता. मी आठवून आठवून बघितलं. माहेरची नाही, सासरची नाही, कारखान्याच्या वसाहतीतली नाही.

मी शेजारी बसले. तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

"पाय वर घ्या. सारवण... ओलं आहे."

मी घेतले. माझे गुडघे आता तसे वळत नाहीत, पण घेतले. समोर दवाखान्याच्या समाजसेविका मॅडम उभ्या होत्या, रोशनी होती, वैशाली होती. अम्मांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. आणि शेजारीण शेजारणीला विचारते ना, तसं विचारलं, "करडू बांधलं का?"

मी विचारलं, "कशानं... कशानं बांधायचं?"

"लाल काठानंच. सुटतं मेलं."

बाकी तिघींना काही वाटलं नाही. त्यांना करडू माहीतच नव्हतं ना! समाजसेविका मॅडमना वैशालीनं हिंदीत सांगितलं, बकरी का बच्चा पूछ रही हैं. त्या म्हणाल्या, बकरीचं आजपर्यंत कधी बोलल्या नाहीत, चांगलं आहे, अजून बोलू द्या. आणि मी तिथे बसलेली... कोणाला सांगू? सांगितलं असतं तरी कोण म्हणणार होतं की म्हातारीनं आत्ता मागून जोडलं नाही?

मी धीर केला. "बाई, तुमचं गाव कुठलं?"

ती हसली. "तुम्ही सांगा की. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला नाही हो ठाऊक."

"आहे. सांगा."

हट्ट नव्हता तिच्या आवाजात, वेड नव्हतं. लहान मूल आईला विचारतं, आपण कुठे जायचं, आणि आईला माहीत असणारच असं धरून चालतं, तसा तो आवाज. मॅडम पुढे वाकल्या. "आंटी, कोई भी नाम याद आए तो बोल दीजिए. हम वहाँ के थाने में फ़ोन लगाएँगे."

आता तुम्हाला सांगते, नावं माझ्या ओठांवर होती. पुलगाव, आर्वी, देवळी, हिंगणघाट. एक उच्चारलं असतं तर अम्मांनी हो म्हटलं असतं, याची मला खात्री आहे. माझ्या कुठल्याही नावाला त्या हो म्हणाल्या असत्या. आणि मग गाडीत घालून भलत्याच गावी, भलत्याच दारात... मी तोंड मिटून घेतलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

अम्मांनी माझ्या हातावर हात ठेवला. खरखरीत, गरम हात.

"आठवेल," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

घाई होती. आश्रमाची गाडी त्याच आठवड्यात येणार होती.

रोशनी रोज संध्याकाळी दोन बस बदलून माझ्याकडे यायला लागली. तिचंच डोकं – म्हणाली, दादी, रोल प्ले फिर से करते हैं. मी दिवाणावर पाय वर घेऊन बसायची, ती स्टुलावर तिरकी, पाय दांडीवर. आता तिला कोणी ओरडायला नव्हतं. तिनं घाई केली नाही, क्यों विचारलं नाही. नुसतं, "अम्मा, और क्या दिख रहा है?"

आणि दिसायचं. मी रचत होते की दिसत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मागचं दार निळं. त्याला एक फळी नवीन, बिनरंगाची. दाराबाहेर बोरीचं झाड, खाली दगडी पाटा उलटा टाकलेला. तिथून उतार, उतारावरून नाला. पलीकडे पांढरं देऊळ, त्यावर झेंडा नाही. बसचा आवाज येतो पण बस दिसत नाही. इथपर्यंत सगळं लख्ख. मग रोशनी विचारायची, "बस कहाँ जा रही है?" आणि मी मान वळवून त्या रस्त्याकडे बघायला गेले की... काही नाही. लाइट गेल्यासारखं.

वैशाली आधी लांब राहिली. मग तीही येऊन बसली. फोनवर नकाशा काढून वर्धा, यवतमाळ, अमरावती, तिच्या सौंसर-पांढुर्ण्याकडची सुद्धा, गावांची नावं एकेक वाचायची. मी डोळे मिटून ऐकायची. एकही नाव मनाला लागलं नाही. आमच्या ओसरीत तीन बायका अशा बसलेल्या... बाहेरून कोणी बघितलं असतं तर कोणाला पेशंट म्हटलं असतं कोण जाणे.

समाजसेविका मॅडमनी माझं सगळं वर्णन ऐकून घेतलं. चांगली बाई होती. म्हणाली, "आंटी, नीला दरवाज़ा, बेर का पेड़, नाला. ऐसे तो हर गाँव में मिलेगा. नाम के बिना मैं किसको फ़ोन करूँ?" बरोबरच होतं तिचं.

गाडी येणार त्या सकाळी मी पुन्हा गेले. अम्मांची पिशवी बांधून ठेवलेली, अंगात नवा स्वेटर, आयानं आपल्या हातानं विणलेला. पाय वरच. मी शेजारी बसले, माझेही पाय वर घेतले. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना ते घर सांगायला लागले. गोष्ट सांगतात तसं. तुमच्या घराचं मागचं दार निळं, त्याला एक फळी नवी...

"निळं नंतर झालं," त्या मध्येच म्हणाल्या. "नंदाच्या लग्नात लावला रंग. फळी राहून गेली."

"बरं. दाराबाहेर बोर."

"आंबट."

"आंबट बोर. खाली पाटा उलटा."

"फुटका आहे तो."

असं आम्ही दोघी त्या घरात हिंडलो. उतारावरून नाल्यापर्यंत गेलो. देवळापाशी गेलो. त्यांचा चेहरा असा निवला होता की आया तेलाची वाटी हातात धरून बघत राहिली. बसचा आवाज येतो, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि मग माझ्याकडे बघून थांबल्या. आता पुढचं तुम्ही सांगणार, असं बघत.

"आणि गाव?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगू... फाटकातून गाडी आत आली तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रोशनीनं पिशवी उचलली. अम्मांनी माझ्यावरची नजर काढली आणि खाली जमिनीकडे नेली. आधी अंगठा टेकवला. मग चवडा. मग पूर्ण पाऊल.

"वाळलं," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं ती बाई भिंतीच्या कडेकडेनं, चवड्यांवर चालायची, असं मला आयानं नंतर सांगितलं. त्या दिवशी ती व्हरांड्याच्या मधोमध चालत गेली, मोठ्ठी पावलं टाकत, आणि गाडीत बसली. सिस्टर म्हणाल्या, देखो, कितना सुधार है. रोशनी युनिफॉर्ममध्ये होती म्हणून रडली नाही. फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाली, "दादी, मैंने वादा किया था." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अजून काय करणार.

रोशनी पास झाली, आता नोकरीला आहे. दर महिन्याला आश्रमात फोन करते आणि मग मला करते. अम्मा ठीक हैं, खाती हैं, सोती हैं. पाय खाली सोडून बसतात. पण त्या दिवसानंतर एक शब्द बोललेल्या नाहीत. नंदा नाही, सारवण नाही, काही नाही. मी तिकडे एकदा जाऊन आले. त्यांनी मला ओळखलं नाही.

वैशाली म्हणते, काकू, तुम्ही लहानपणी कुठेतरी हे ऐकलं असणार, मन विसरतं पण टाकत नाही. डॉक्टर म्हणाले, योगायोग. मी दोन्ही मान्य करते. पत्रा ठोकणाऱ्या माणसाची बायको आहे मी, मला तर आवडेलच मान्य करायला. पण मग ते करडू? ते मी कोणाला सांगितलं होतं? याचं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही, आणि माझ्यापाशीही नाही.

वैशालीनं या वर्षी पुन्हा विचारलं, काकू, नवी बॅच आली आहे, याल का? मी नाही म्हटलं. न जाणो, अजून कोणाचं काय माझ्या तोंडून निघायचं.

हे इथे लिहायचं खरं कारण सांगते. हे सदर गावोगावचे लोक वाचतात. तुमच्यापैकी कोणाला असं घर माहीत आहे का? मागचं दार निळं, एक फळी बिनरंगाची. बोर आंबट. पाटा फुटका, उलटा टाकलेला. उताराखाली नाला, पलीकडे बिनझेंड्याचं पांढरं देऊळ, आणि बस ऐकू येते पण दिसत नाही. ते घर मी मटार सोलताना मनानं रचायला घेतलं होतं, हे मी वर लिहिलंच आहे. मनानं रचलेलं घर शोधा म्हणून सांगते आहे, हे मला कळतं. तरी जाता-येता बघा. आणि तिथे नंदा नावाची कोणी असेल, तर तिला म्हणावं, सारवण वाळलं आहे. आता पुढच्या दारानं ये.